‘वयाचं बीपी’ म्हणून सोडून देऊ नका

पोलादपूर तालुक्यात कापडे परिसरातल्या कुठल्याही वाडीत साठीपुढच्या माणसाचं बीपी मोजा. वरचा आकडा १६० आणि खालचा ७५ आला, की घरातलं कुणीतरी म्हणतंच, “खालचं बरोबर आहे ना? मग वरचं वयाचं आहे.” एके काळी काही डॉक्टरसुद्धा ‘शंभर अधिक वय’ असा हिशेब सांगत, म्हणजे सत्तरीच्या आजोबांना १७० चालतं. वैद्यकशास्त्राने हा हिशेब केव्हाच टाकून दिला, पण घराघरांतून तो अजून गेलेला नाही. उतारवयात वरचा आकडा एकटाच चढत जाणं आणि दोन आकड्यांतलं अंतर रुंदावणं ही धमन्या कडक होत चालल्याची खूण आहे. पक्षाघात, हृदयविकार आणि मूत्रपिंडाचे आजार याच वाटेने येतात. म्हणून हा विषय नीट समजून घेऊ या आणि आपल्या हातात काय काय आहे तेही पाहू या.

हृदय दिवसाला सुमारे एक लाख ठोके देतं. प्रत्येक ठोक्याला रक्ताचा एक लोट महाधमनीत शिरतो. तरुण माणसाची महाधमनी त्या लोटासरशी फुगते, बरंच रक्त क्षणभर स्वतःत सामावून घेते आणि हृदय विसावलं की पुन्हा आवळत ते रक्त पुढे सारते. त्यामुळे हृदयातून धक्क्याधक्क्याने निघालेलं रक्त शरीरातल्या बारीक वाहिन्यांपर्यंत पोचेस्तोवर जवळजवळ संथ धारेसारखं वाहू लागतं. भिंतीला हा लवचीकपणा देणारा घटक म्हणजे इलॅस्टिन. आईच्या पोटात आणि लहानपणी शरीर ते भरपूर तयार करतं, पुढे जवळपास नाहीच. म्हणजे लहानपणी मिळालेल्या इलॅस्टिनवर सगळा जन्म काढायचा असतो. अब्जावधी ठोक्यांनी त्याचे धागे झिजतात, तुटतात. त्यांच्या जागी कोलॅजेन येतं. ते मजबूत असतं, पण ताणलं जात नाही. काही ठिकाणी भिंतीत कॅल्शियमही साठतं. वर्षानुवर्षं उन्हात पडलेला रबरी पाईप जसा दिसायला धड असतो पण वाकवायला गेलं की वाकत नाही, तशी धमनीची गत होते.

इथे एक गोष्ट वेगळी काढून ठेवली पाहिजे. ‘ब्लॉकेज’ हा शब्द आता सगळ्यांना ठाऊक आहे. धमनीच्या आत चरबीचा थर साचून वाट अरुंद होते, तो ब्लॉकेज. भिंतच कडक होणं ही निराळी प्रक्रिया आहे. एखाद्याच्या अँजिओग्राफीत मोठं ब्लॉकेज दिसत नाही आणि तरीही त्याची महाधमनी कडक झालेली असू शकते. दोन्ही आजार बहुधा जोडीने येतात आणि एकमेकांना वाढवतात, कारण त्यांची मूळ कारणं बरीचशी सारखी आहेत. पण “माझ्या नसा मोकळ्या आहेत, मला काय होतंय” असं म्हणून कुणी निर्धास्त होऊ नये.

कडकपणाने बिघडतं काय? महाधमनी फुगत नाही म्हणून आलेला लोट तसाच आदळतो आणि वरचा आकडा चढतो. ठोक्याची लाट धमनीतून धावते तिचा वेगही वाढतो. तरुणपणी ती सेकंदाला पाच-सहा मीटर धावते. महाधमनीत हा वेग दहा मीटरच्या वर गेला, की डॉक्टर धमन्या कडक झाल्याचं मानतात. इतक्या वेगाने गेलेली लाट टोकाला आपटून लवकर परत फिरते आणि हृदय अजून रक्त बाहेर ढकलत असतानाच त्याच्या वाटेत येते. त्या जादा ओझ्याने हृदयाचा डावा कप्पा जाड होत जातो. दुसरीकडे, मागे साठवलेलं रक्त नसल्यामुळे हृदय विसावतं तेव्हाचा दाब, म्हणजे खालचा आकडा, पन्नाशी-साठीनंतर उतरू लागतो. हृदयाच्या स्वतःच्या स्नायूला रक्त मिळतं ते मुख्यतः याच विसाव्याच्या वेळेत. म्हणजे काम वाढलं आणि खुराक घटला. “खालचं बरोबर आहे ना” या वाक्यातला धोका तो हाच. खालचा आकडा उतरला म्हणून आपण समाधान मानतो आणि तो उतरणं हाच कधीकधी आजाराचा भाग असतो.

मेंदू आणि मूत्रपिंड यांना सगळ्यात जास्त सोसावं लागतं. या दोन्ही अवयवांत रक्त मोठ्या प्रमाणात आणि फारशा अडथळ्याविना शिरतं. मोठ्या धमन्यांनी जिरवायचे धक्के तिथल्या केसाएवढ्या वाहिन्यांवर बसतात. वर्षं उलटतात तशा त्या फुटतात, बंद पडतात. मग पक्षाघात होतो, विसरभोळेपणा वाढतो, लघवीतून प्रथिनं जाऊ लागतात. यातलं काहीही दुखत नाही, म्हणून माणूस डॉक्टरकडे जात नाही.

हृदयाचं दुखणं रक्तवाहिन्यांतून सुरू होऊ शकतं, याचा मोठा पुरावा याच महाड-पोलादपूरच्या मातीतून जगाला मिळाला आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७०च्या दशकात महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा लाल विंचू चावलेली धडधाकट माणसं, लहान मुलं काही तासांत दगावत. मृत्यूचं प्रमाण चाळीस टक्क्यांच्या आसपास होतं. डॉक्टर रुग्णाच्या उशाशी रात्र-रात्र बसले, नोंदी केल्या. त्यांच्या लक्षात आलं, की विषामुळे रक्तवाहिन्या आवळतात, दाब एकदम चढतो, त्या भारापुढे हृदय थकतं आणि फुप्फुसात पाणी भरतं. १९८२मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये त्यांची निरीक्षणं छापून आली. पुढे त्यांनी प्राझोसिन वापरलं. हे मुळात उच्च रक्तदाबावरचं औषध. रक्तवाहिन्या सैल करणारं. मृत्यूचं प्रमाण एक टक्क्यापर्यंत खाली आलं. २०२२मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. विंचवाचं विष हृदयावर जो भार काही तासांत टाकतं, तसाच भार कडक धमन्या तीस-चाळीस वर्षं हळूहळू टाकत राहतात. विंचू चावल्यावर आपण धावत दवाखाना गाठतो. इथे धावावंसं वाटत नाही, एवढाच फरक.

वय वाढलं की धमन्या थोड्या कडक होणारच, हे खरं. पण किती आणि किती लवकर, हे वयावर सोडलेलं नाही. ॲमेझॉनच्या जंगलात यानोमामी नावाचे लोक राहतात. त्यांच्या जेवणात वरून घातलेलं मीठ जवळपास नसतंच आणि अंगमेहनत रोजचीच. १९८८मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इंटरसॉल्ट’ या मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात दिसलं, की त्यांचं बीपी वयाबरोबर वाढत नाही. म्हातारपणी बीपी वाढणं हा निसर्गनियम असता, तर तो त्यांनाही लागू झाला असता.

आपल्याकडे धमन्यांचं वय वाढवणाऱ्या गोष्टींत मी तंबाखू पहिल्या नंबरावर ठेवेन, आणि त्यातही मशेरी. बिडी-सिगरेटबद्दल लोक बोलतात, गुटख्याबद्दल बोलतात. मशेरीबद्दल कुणी बोलत नाही. गावोगावच्या आयाबाया सकाळी, दुपारच्या जेवणानंतर, रात्री निजताना मशेरी लावतात आणि तिला तंबाखूत मोजतच नाहीत. आशाताईंनी “तंबाखू खाता का?” विचारलं तर उत्तर येतं “नाही”. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखू. त्यातलं निकोटिन हिरडीतून थेट रक्तात जातं, नाडी वाढवतं, वाहिन्या आवळतं, आणि हे दिवसातून तीन-चार वेळा. आशाताईंना आणि आरोग्य सेविकांना माझी विनंती आहे, की प्रश्न “मशेरी लावता का?” असाच विचारावा. सोडताना एकदम जमत नसेल तर आधी निजतानाची बंद करावी, मग दुपारची. पण ‘कमी केली’ यावर थांबू नये.

दुसरं मीठ. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला माणशी पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा, सगळं धरून. आपल्या घरात ते कुठून कुठून येतं बघा. खारा बांगडा तर मिठातच मुरवलेला. सुकट आणि बोंबील साधारणपणे नुसते उन्हात वाळवतात, पण कालवणात वरून मीठ पडतंच. आगळ मिठाचं, लोणचं मिठाचं, मिठातली कैरी, पापड. त्यात आता दुकानातले वेफर्स आणि फरसाण. मीठ बीपी वाढवतं हे सगळ्यांना माहीत आहे. ते धमनीची भिंतही कडक करतं, हे कमी लोकांना माहीत आहे. खारी मासळी खाणं सोडा असं मी सांगणार नाही, कारण ते कुणी ऐकणार नाही आणि पावसाळ्यात दुसरं काय मिळतं हेही ठाऊक आहे. ती दोनदा पाण्यात भिजवून पाणी फेकून द्या, कालवणात वेगळं मीठ घालू नका आणि त्या दिवशी ताटात लोणचं-पापड नको. भाकरीच्या पिठात मीठ घालायची सवय असेल तर ती मोडा. काही आठवड्यांत जीभ सरावते. सैंधव मीठ बीपीला चालतं ही समजूत चुकीची आहे. त्यातही सोडियमच असतं.

‘कमी सोडियम’चं मीठ बाजारात मिळतं. त्यात काही भाग पोटॅशियमचा असतो आणि बीपीसाठी ते चांगलं आहे. मात्र ज्यांना मूत्रपिंडाचा आजार आहे, किंवा टेल्मिसार्टनसारखी बीपीची गोळी सुरू आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते वापरू नये. पोटॅशियम शरीरात साठलं तर हृदयाच्या ठोक्यांना धोका होतो. बाकीच्यांना पोटॅशियम नाचणी, कडधान्यं, पालेभाज्या, केळी यांतून सहज मिळतं. नाचणीची भाकरी ही गरिबीची खूण मानून आपण पांढरा भात आणि मैद्याची बिस्किटं जवळ केली. हा सौदा तोट्याचा झाला.

मधुमेहात रक्तातली जादा साखर कोलॅजेनच्या धाग्यांना चिकटून त्यांना एकमेकांत घट्ट गुंतवते. त्यामुळे मधुमेही माणसाच्या धमन्या त्याच्या वयाच्या कितीतरी पुढे जातात. बीपी आणि साखर या दोन्ही तपासण्या एकाच दिवशी कराव्यात. एक निघाली की दुसरी शोधावी. बायकांमध्ये पाळी गेल्यानंतर धमन्या वेगाने कडक होतात. ज्यांना बाळंतपणात बीपी वाढलं होतं, त्यांनी तर ती गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगावी, मग त्याला वीस वर्षं झाली असली तरी.

अंगाने सडपातळ म्हणून आपल्याला धोका नाही, असं डोंगरातल्या माणसाला वाटतं. पुण्याजवळच्या सहा गावांमध्ये डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३पासून गरोदर स्त्रिया आणि त्यांच्या मुलांचा दीर्घ अभ्यास केला. त्यांना दिसलं, की आपली नवजात बाळं वजनाला कमी, सरासरी २.७ किलोच्या आसपास, पण त्या वजनातही चरबीचं प्रमाण जास्त. दिसायला बारीक आणि आतून चरबी असलेलं हे शरीर पुढे मधुमेह आणि हृदयविकाराकडे झुकतं. त्यातच इलॅस्टिन आईच्या पोटात आणि लहानपणी तयार होतं, हे वर सांगितलंच. म्हणून घरातल्या गरोदर सुनेच्या ताटातल्या दुधा-डाळीचा संबंध नातवाच्या पन्नाशीतल्या धमन्यांशी आहे, हे सासू-सासऱ्यांनी लक्षात घ्यावं. आणि सडपातळ माणसानेही पोटाचा घेर बघावा. पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि बायकांत ८० सेंटिमीटरच्या पुढे गेला तर वजनकाटा काहीही सांगो, तपासणी करावी.

चालण्याने धमन्यांचा लवचीकपणा टिकतो, थोडाफार परतही येतो. शेताच्या चढ-उतारावर आयुष्य काढलेल्यांना हे सांगायची गरज नव्हती. आता फाट्यापर्यंतही रिक्षा लागते. मुंबईत गेलेली मुलं तर पाळीची ड्यूटी, अपुरी झोप आणि लोकलमधला प्रवास यांत चालणंच विसरली. आठवड्याला दीडशे मिनिटं, श्वास थोडा वाढेल पण बोलता येईल इतक्या वेगाने चाला. चढ चढताना पोटरीत गोळा येत असेल आणि थांबलं की जात असेल, तर तो पायाच्या धमन्यांचा आजार असू शकतो. ‘थकवा’ म्हणून तेल चोळत बसू नका.

आता मोजण्याबद्दल, कारण बहुतेक घोळ इथेच होतो. चढ चढून आलात, रांगेत उभे राहिलात आणि लगेच दंड पुढे केला तर आकडा खोटा येणार. आधी पाच मिनिटं शांत बसा. अर्धा तास आधी चहा, मशेरी, बिडी नको. लघवीला जाऊन या. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर टेकलेले, दंड छातीच्या उंचीवर आधाराने ठेवलेला आणि तोंड बंद. एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे वहीत लिहा. पहिल्या वेळी दोन्ही हातांवर मोजा. पुढे ज्या हाताचा आकडा जास्त, तोच हात. घरी घ्यायचं यंत्र दंडाचं घ्या, मनगटाचं नको.

वहीत दोन आकडे लिहिले की वजाबाकी करा. १२० आणि ८० यांत ४० उरतात, हे ठीक. १६० आणि ७५ यांत ८५ उरतात. साठीच्या पुढे हे अंतर ६० किंवा त्याहून जास्त सतत येत असेल, तर धमन्या कडक झाल्याची शक्यता मोठी आहे. लाटेचा वेग मोजणारी यंत्रं मोठ्या शहरांतल्या काही रुग्णालयांत आहेत, पण त्यांच्यासाठी मुंबईला जायची गरज नाही. ही वजाबाकी पुष्कळ काही सांगून जाते. अंतर वाढायला अंगात रक्त कमी असणं, थायरॉइड किंवा हृदयाची झडप गळणं अशीही कारणं असतात, म्हणून निदान डॉक्टरांवर सोडा. दवाखान्यात दोन वेगवेगळ्या दिवशी वरचा आकडा १४० किंवा पुढे आला, तर खालचा कितीही असो, उपचाराचं बोलणं सुरू व्हायला हवं.

उपचाराचा फायदा होतो का, या शंकेचं उत्तर १९९१मध्येच मिळालेलं आहे. ‘शेप’ नावाच्या अमेरिकी अभ्यासात साठीपुढची ४,७३६ माणसं होती. सगळ्यांचा वरचा आकडा १६०च्या पुढे आणि खालचा ९०च्या आत. म्हणजे आपण ज्याला ‘वयाचं बीपी’ म्हणतो, नेमकं तेच. क्लोरथॅलिडोनसारख्या स्वस्त गोळीपासून सुरू केलेल्या उपचाराने पक्षाघात ३६ टक्क्यांनी कमी झाले. शेजारच्या सातारा जिल्ह्यासह राज्यातल्या काही जिल्ह्यांत २०१७च्या सुमारास सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमानेही अशाच साध्या गोळ्यांवर भर दिला: ॲम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, क्लोरथॅलिडोन. महागडं काही नाही. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत आहेत.

“गोळी एकदा लागली की सुटत नाही” ही भीती मी अनेकांच्या तोंडून ऐकली आहे. सुटत नाही ती गोळी नव्हे, आजार. आकडा १३० आला म्हणजे गोळीचं काम चालू आहे. बंद केली की पुन्हा चढेल. ‘नसा मोकळ्या करणारे’ काढे आणि पुड्या बाजारात भरपूर आहेत. भिंतीत साठलेलं कॅल्शियम विरघळवणारा कुठलाही काढा नाही. त्याच्या भरवशावर गोळी बंद करणं हा जिवाशी खेळ आहे. गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या आणून महिनोन्महिने खाणंही थांबवा. त्यांनी बीपी वाढतं आणि मूत्रपिंडं बिघडतात. म्हाताऱ्या माणसाला गोळी सुरू झाल्यावर उठताना चक्कर येत असेल तर बसून आणि उभं राहून असं दोनदा बीपी मोजून डॉक्टरांना सांगा. डोस बदलता येतो.

आपल्या भागाची एक अडचण शहरातल्या लेखांत कुणी लिहीत नाही. पावसात दरड कोसळते, आंबेनळी घाट बंद पडतो, वाड्या तुटतात. २२ जुलै २०२१ला महाडची बाजारपेठ पाण्याखाली होती आणि तळिये गावावर दरड आली. अशा वेळी गोळ्या कुठून आणणार? मे महिना संपायच्या आत निदान महिना-दीड महिन्याच्या गोळ्या घरात असू द्या. प्लास्टिकच्या डब्यात, चिठ्ठीसह.

छातीत दाबल्यासारखं होऊन घाम फुटला, एकाएकी तोंड वाकडं झालं, एक हात-पाय लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर १०८ला फोन करा. पक्षाघातात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येतं आणि त्याआधी डोक्याचा सीटी स्कॅन लागतो. डोंगरातून निघायलाच वेळ जातो, म्हणून देवऋषी, मालिश, “उद्या सकाळी बघू” यात एक मिनिटही घालवू नका. लक्षणं सुरू झाली ती वेळ लिहून बरोबर न्या.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९–२१च्या फेरीत देशातल्या १५ वर्षांपुढच्या २४ टक्के पुरुषांत आणि २१ टक्के स्त्रियांत बीपी वाढलेलं किंवा औषधावर असलेलं आढळलं. म्हणजे कापड्यात चार-पाच मोठी माणसं ओटीवर बसली असतील तर त्यांतल्या एकाचा हा प्रश्न असू शकतो. म्हणून मुंबई-पुण्याच्या चाकरमान्यांना सांगणं आहे: या गणपतीला गावी येताना दंडाचं बीपी यंत्र घेऊन या आणि स्वतःच्या गोळ्या विसरू नका. आई-वडिलांचं, काका-काकूंचं बीपी दोन दिवस सकाळी मोजा, वजाबाकी करा, वहीत लिहा. वरचा आकडा दोन्ही दिवशी १४०च्या पुढे आला, तर परतीची गाडी धरण्याआधी त्यांना स्वतः प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन जा.